कपाटातला जिना

नको, ती खुर्ची फिरवू नकोस, पोरी — या कॅफेत सगळ्या खुर्च्या अशाच, कॅथेड्रलकडे तोंड आणि कपाटाकडे पाठ. कपाट म्हणजे ती मागची इमारत गं, तिचं खरं नाव गावात कुणी घेत नाही. चव्वेचाळीसच्या बॉम्बमध्ये जुनी कोठी पडली, अठ्ठावन्नला तिच्या जागी हे धूड उभं राहिलं, भर चौकात. आणि तू याचे फोटो काढायला आलीस? एवढ्या लांबून? धन्य आहे. माझ्या सासूबाईंनी याच्याविरुद्ध नऊशे सह्या गोळा केल्या होत्या — त्यात माझीही आहे. खुर्च्यांची टूमसुद्धा त्यांचीच.

आत जाणार आहेस? जिना बघायला? — जिन्याचं कुणी सांगितलं तुला? पुस्तकात आहे होय. मग कुणी केला त्याचं नाव आहे का? नसणारच, आर्किटेक्टचं असेल. त्यानं काय केलं, कागदावर रेघ ओढली. जिना घोटला तो आर्तेमिओनं. मोझेकवाला होता, फ्रिउलीकडचा — गुडघ्यांवर बसून पायरी न् पायरी दगडानं घासायची, पाणी ओतायचं, परत घासायची, सात महिने. खालच्या पायरीत हिरव्या दगडाचे चारच तुकडे, मग प्रत्येक पायरीला थोडे थोडे वाढवत नेलेत, शेवटची पायरी सगळी हिरवी. मी कुठं पाहिलंय — सांगायचा तो. कुणाला म्हणजे? घरी. जेवताना. — माझे वडील होते ते.

तेव्हा फाउस्तोशी माझं नुकतंच जमलं होतं. औषधांचं दुकान त्यांचं, मोठं घर. मी तिथं सांगून ठेवलेलं, बाबा चर्चच्या फरश्या दुरुस्त करतात म्हणून. अगदीच खोटं नव्हतं, एकदा केल्या होत्या. मग एका रविवारी दोन्ही घरची माणसं इथंच भेटली, लग्नाचं बोलायला. बाबा कोट घालून आले, आणि आले ते सरळ खुर्ची फिरवून बसले, कपाटाकडे तोंड करून. सासूबाईंनी हसून विचारलं, एवढं काय बघताय त्यात? बाबांनी सांगायला तोंड उघडलं — चेहरा असा फुलला होता त्यांचा — आणि मी म्हटलं, "बाबा, खुर्ची सरळ करा." एवढंच. केली त्यांनी. मग कॅथेड्रलकडे बघत बसले, पेला संपेपर्यंत.

घरी जाताना म्हणाले, "ओदिल्ला, कुणी नसताना ये एकदा. बघून जा." कुणी नसताना! बापानं लेकीला असं म्हणावं? मी म्हटलं, येईन. पुढं ते दरवर्षी विचारायचे, मी दरवर्षी येईन म्हणायचे — अकरा वर्षं. मग त्यांचे गुडघे गेले, त्यांना स्वतःलाच तो जिना चढवेना. तरी विचारायचे. मग विचारायला तेच राहिले नाहीत.

नाही गं, अजून नाही पाहिला. पलीकडच्या गल्लीत राहते, रोज इथं कॉफी प्यायला येते. पण कुठल्या तोंडानं जाऊ?

हात कशाला पुढं करतेस? खाली घे तो. चढवत नाही म्हणून राहिले असं वाटलं तुला? ते बोलवत होते तेव्हा दोन-दोन पायऱ्या एका ढांगेत चढत होते मी. तू जा, साडेबाराला दार लावतात. — जा म्हटलं ना.