मूठ झोपू दे

पिस्तूल मी जन्मात हातात धरलं नाही, तरी सुलीच्या पिस्तुलाचा बिघाड मीच शोधला. सुली माझी नात. शहापूरला एअर पिस्तुलाची निवड चाचणी चार दिवसांवर आली होती आणि तिचे छर्रे सारखे खाली, डावीकडे लागत होते. धसईला आमच्या अंगणात सकाळचं धुकं अजून पडवीला टेकून होतं. ती मागच्या साइटचा, म्हणजे नेम धरायच्या खाचेचा, स्क्रू फिरवायची, छर्रा मारायची, पुन्हा फिरवायची.

"आजोबा, साइटच बिघडलीय."

"स्क्रू सोड. छर्रा न भरता चाप ओढ."

धुक्यात तिचा हात तरंगत होता. बोटाबरोबर सगळी मूठ आवळली आणि नळी खाली झुकली.

"अगो, तू नेम धरतेस का धार काढतेस?"

रोज पहाटे म्हशीची धार तीच काढायची.

"मूठ झोपू दे. एकटं बोट जागं ठेव."

तिने स्क्रू जागेवर आणला. पुढचा छर्रा मधोमध लागला.

"पण आजोबा, उद्या पुन्हा धार काढली का हात विसरणार नाय?"

आमच्या घरात पुरुषाने कधी धार काढली नव्हती. दुसऱ्या पहाटे मी बादली उचलली.

सुलीची निवड झाली. म्हशीला मात्र मी अजून पसंत नाही.