गवती चहा, बाजू दुसरी

दिओस्नेल : मागच्या महिन्यात एका सोमवारी सकाळी दहा वाजता औषधशास्त्राच्या एका विद्यार्थिनीनं आमच्या विद्यापीठाच्या संग्रहात ‘पुदिना, बाजू पहिली’ ही कॅसेट ऐकायला लावली. थोड्या वेळानं ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, यात पुदिना कुठाय? एक म्हातारा आपला बैल कसा हरवला ते सांगतोय.

एलादिया : हरवला नव्हता. जावयानं विकला होता. पोरीनं पुढं ऐकलं असतं तर कळलं असतं.

दिओस्नेल : तेच तर झालं ना, दोन्या एलादिया. पुढं ऐकायचं कुणाला सुचलंच नाही. प्राध्यापक आबेलार्दो वारल्यावर त्यांच्या पेट्या विद्यापीठाकडं आल्या. कॅसेटींवर लिहिलेलं पुदिना, कोकू, घोडशेपटी, गवती चहा. आमच्या संग्रहात तेव्हा जो कोणी होता त्यानं नावं वाचली आणि सगळ्या ‘औषधी वनस्पती’च्या कपाटात नेऊन ठेवल्या.

निमिया : म्हणजे आबेलार्दोमामानं गावोगाव फिरून गोळा केलेली माणसं इतकी वर्षं पाल्यापाचोळ्यात पडून होती.

दिओस्नेल : आणि हुकूमशाहीच्या काळातल्या खेड्यांवर काम करणारे लोक आमच्याकडं यायचे, विचारायचे, मिळून केलेल्या शेतीबद्दल काही आहे का? आम्ही सांगायचो, नाही. मीच सांगितलंय कितीतरी जणांना.

एलादिया : ते ऐकून आबेलार्दो खूश झाला असता. त्याला हेच हवं होतं. रस्त्यात पोलीस पिशवी उलटी करायचे. कॅसेटवर माणसाचं नाव सापडलं तर त्या माणसाचं काही खरं नव्हतं. पुदिना सापडला की हसायचे. म्हणायचे, मास्तर, पोट बिघडलंय का?

दिओस्नेल : पण कुणाला कुठलं पान, हे ठरवायचं कसं?

एलादिया : आम्ही कुठं ठरवलं? प्रत्येक घराच्या तेरेरेच्या गार पेयात आपलं आपलं पान असतं. कुणी गार पाण्यात पुदिना कुटून टाकतं, कुणी कोकू. ज्या घरी बसलो त्या घरचं पान कॅसेटवर. टेपरेकॉर्डर माझ्या खांद्यावर असायचा. बायका माझ्याशी बोलायच्या, आबेलार्दोसमोर नुसत्या लाजायच्या. माणसाचं नाव मी विसरेन एखाद वेळी, पण त्याच्या घरच्या पाण्याची चव नाही विसरायची.

निमिया : हे खरं आहे. परवा माझं नाव विसरली होती.

एलादिया : तुझं नाव घ्यायची वेळच कुठं येते? बोलावण्याआधीच येऊन उभी असतेस. त्याला ती चीजची चिपा दे, गरम आहे तोवर. आणि तेरेरेचा पेला भर.

निमिया : घ्या, संग्रहवाले. चिपा डाव्या हातात, पेला उजव्या. नळी हलवायची नाही.

दिओस्नेल : आभारी आहे.

निमिया : झालं? एका पेल्यात?

दिओस्नेल : नाही नाही, ते चिपाबद्दल म्हणालो.

निमिया : मग आधी पेला खाली ठेवायचा. हातात पेला धरून आभार मानले की आम्ही समजतो, याला पुरे झालं, आता याला भरायचा नाही. राजधानीत ही पद्धत मोडीत काढली वाटतं?

दिओस्नेल : आहे हो. माझी आजी तर चिडायची, आभार मानले नाहीत तर रात्रीपर्यंत भरत राहायची. मला अजून हवंय. भरा.

एलादिया : भर त्याला. आबेलार्दो तर यावरच काम करायचा. एकच पेला सगळ्यांत फिरतोय तोवर टेप चालू. घरचं माणूस आभारी आहे म्हणालं की बटण बंद. पेल्याबरोबर बोलणंही संपलं. त्यापुढं जे बोलतील ते आपलं आपल्यात. तो म्हणायचा, दिलेलं घ्यावं, सांडलेलं उचलू नये.

दिओस्नेल : नेहमी बंद करायचे?

एलादिया : नेहमी.

दिओस्नेल : म्हणूनच मी फोन न करता स्वतः आलो, दोन्या एलादिया. बाकीच्या कॅसेटी तुम्ही सांगाल तशा मी लिहून घेतो. गाव, घर, माणूस, कशाबद्दल बोलणं. शुक्रवारी यादी सगळ्यांसाठी खुली होईल. जगात कुठूनही कुणीही शोधलं तरी सापडेल, ऐकता येईल. फक्त एकीबद्दल विचारायचं आहे. ‘गवती चहा, बाजू दुसरी.’

एलादिया : फाकुंदा. नदीकाठचं घर, एन्कार्नासियोन शहराच्या वरच्या अंगाला. दारात गवती चहाचं एवढं बेट होतं, की गाय त्यात लपायची. काय गोड बाई. तिच्यासारखा मक्याच्या पिठाचा भाजलेला सोपा मी पुन्हा कुठं खाल्ला नाही.

निमिया : माझाही नाही?

एलादिया : तुझा तर नाहीच. काय आहे त्या कॅसेटमध्ये?

दिओस्नेल : ऐकवू? संगणकात घेऊन आलोय. शेवटाकडचंच लावतो... ऐका. हे शाळेबद्दल आहे, गावानं मिळून कशी बांधली... आता.

एलादिया : आवाज बघ तिचा. काल बोलल्यासारखा.

निमिया : म्हणाली. आभारी आहे म्हणाली. पण टेप चालूच आहे की.

दिओस्नेल : चालूच राहते. मग ती बोलते. ऐका.

निमिया : (ऐकता ऐकता) आई, थांबवू का?

एलादिया : नको.

दिओस्नेल : इथवर. पुढं पुन्हा तेच सांगते, मग रडते, मग कॅसेट संपते.

एलादिया : म्हणजे तिचा नवरा, एस्तानिस्लाओ, दुसऱ्या बाईपायी गेला नव्हता.

दिओस्नेल : ती तरी तसं सांगते. शेतकऱ्यांच्या संघात होता म्हणून घराला खबऱ्यांचा वेढा पडला. मागच्या बाजूनं निसटला, नावेतून पलीकडं, आर्जेंटिनात. कुणी नेलं ते बाहेर पडू नये म्हणून तिनंच पोरांना आणि गावाला सांगितलं, की दुसऱ्या बाईबरोबर पळाला. त्याचा निरोप येणार होता. आला नाही.

एलादिया : मी त्याला किती नावं ठेवली. तिच्याच अंगणात बसून. तिनं हूं की चूं केलं नाही. उलट माझ्या ताटात सोपा वाढत राहिली.

निमिया : तू त्या दिवशी तिथंच होतीस ना?

एलादिया : अंगणात होते, पोरांपाशी. फाकुंदा आबेलार्दोला लाजायची नाही, म्हणून आत ती दोघंच. तिच्या लेकीच्या, सुनिल्दाच्या, वेण्या घालत होते. सात-आठ वर्षांची असेल. आता साठीला आली. बाजारात चीज विकते. तिला पहिला मुलगा झाला तेव्हा सासूनं आजोबांचं, एस्तानिस्लाओचं, नाव सुचवलं, तर पोरगी म्हणाली, माझ्या घरात ते नाव उच्चारायचं नाही. अजून उच्चारत नाही.

दिओस्नेल : मग तिला हे कळायला नको?

एलादिया : आणि तुझ्या शुक्रवारच्या यादीतून कळायला हवं? आधी जगाला, मग तिला?

दिओस्नेल : म्हणूनच विचारायला आलोय. पण दोन्या एलादिया, माझ्या बाजूनंही बघा. लपवलेलं नीट राहतं असं नाही, ते हरवतं. ह्या कॅसेटी मी पाल्याच्या कपाटातून काढल्या तेव्हा दोन बुरशीनं गेल्या होत्या. घोडशेपटी आणि कसली तरी एक, लेबल पण खाल्लं होतं.

एलादिया : घोडशेपटी गेली? तो अंध व्हायोलिनवाला होता.

दिओस्नेल : होता. आता नाही. आणि फाकुंदासारख्या अजून किती बायकांनी असंच खोटं सांगून नवरे वाचवले असतील? त्यांची लेकरं कुठं शोधणार?

निमिया : बोलतो बरा हा. राजधानीत शिकवतात वाटतं असं.

एलादिया : सगळं खरं आहे तुझं, लेका. पण ती आभारी आहे म्हणाली होती. पुढचं तिनं दिलेलं नाही. आबेलार्दोनं कसं चालू ठेवलं, देव जाणे.

दिओस्नेल : मी तेच पुन्हा पुन्हा ऐकलं. आभारानंतर, ती बोलायला लागायच्या आधी, एक आवाज आहे. नळी ओढल्याचा. पेला रिकामा होताना होतो तो. ऐका.

निमिया : आहे खरा.

दिओस्नेल : तो तिचा असेल, तर आभार मानूनही तिनं पुन्हा पेला घेतला. म्हणजे ती पुन्हा बसली. म्हणजे दिलं.

एलादिया : तो आबेलार्दो आहे. तो असाच प्यायचा, डबकं उपसल्यासारखा. चारचौघांत मला लाज वाटायची.

दिओस्नेल : नक्की?

एलादिया : ... पुन्हा लाव... नक्की नाही. फाकुंदाचे पुढचे दोन दात पडलेले होते. तिचाही आवाज व्हायचा.

निमिया : आणि मी म्हणते, तिनं तेरेरेचे आभार मानले कशावरून? ह्यानं नाही का मघाशी चिपाचे मानले, पेला हातात धरून.

एलादिया : फोटो.

निमिया : कसला फोटो?

एलादिया : आधीच्या खेपेला आबेलार्दोनं तिच्या पोरांचा फोटो काढला होता. तो त्या दिवशी दिला तिला. आत दिला की बाहेर, बोलायच्या आधी की नंतर, ते काही आठवत नाही मला. सुनिल्दा फोटो हातात नाचवत अंगणात आली, एवढं आठवतं.

दिओस्नेल : मग फोटोबद्दल म्हणाली असेल.

एलादिया : असेल. नसेलही.

दिओस्नेल : प्राध्यापकांनी ती पुसली नाही, हे तर नक्की? कोऱ्या कॅसेटी मिळायच्या नाहीत, ते जुन्यांवर भरायचे असं मी आल्याआल्या तुम्हीच सांगितलंत. हिच्यावर नाही भरलं.

एलादिया : ठेवणं वेगळं, वाटणं वेगळं. ठेवली त्यानं. मला मात्र सांगितलं नाही, आणि माझ्यापासून त्यानं दुसरं काही लपवल्याचं मला माहीत नाही. आपल्या सख्ख्या बहिणीला जे सांगितलं नाही ते तू जगाला ऐकवणार.

दिओस्नेल : मग शुक्रवारी मी काय लिहू? आभारापर्यंतच आहे, असं? ते खोटं होईल. मला खोटी नोंद करता येत नाही.

निमिया : भांडताय काय दोघं? ज्या दोघांना विचारायचं ते दोघं मातीत गेले. तिसरी बाजारात चीज विकतेय, तिच्याकडं फोन आहे. मी लावते.

एलादिया : फोनवर काय सांगणार तू तिला?

निमिया : सांगेन, तुझ्या आईचा आवाज सापडलाय. एवढंच. ते तरी खरं आहे ना?

(दुसऱ्या दिवशी, त्याच अंगणात.)

दिओस्नेल : किती वेळ झाला?

एलादिया : घड्याळाकडं बघू नको. पहिल्या बसनं आलीय सुनिल्दा, आत बसून ऐकू दे. तू तिला नीट समजावलंस ना?

दिओस्नेल : समजावलं. शाळेबद्दलचं सगळं आधी येईल. आईनं आभार मानले की कॅसेट आपोआप थांबेल, तशी लावून दिलीय. पुढं काहीतरी आहे, आईनं तुम्हा मुलांना न सांगितलेलं, एवढं सांगितलं. ऐकायचं असेल तर बटण दाबा, नसेल तर कानावरचं काढून ठेवा आणि बाहेर या. मग तिनं सांगितलं तसं मी लिहीन.

एलादिया : ती काय म्हणाली?

दिओस्नेल : म्हणाली, ते बटण जरा मोठं असतं तर बरं झालं असतं.

एलादिया : फाकुंदाचीच लेक. आणि उद्या शुक्रवार आहे.

दिओस्नेल : यादी जाईल. त्या ओळीत तूर्त एवढंच लिहिलंय : फाकुंदा, नदीकाठ, शाळा कशी बांधली. पुढचा भाग आहे, घरच्यांना विचारायचं आहे. सापडेल सगळ्यांना. ऐकता येणार नाही. आजवर अशी ओळ मी कधी लिहिली नव्हती.

एलादिया : आबेलार्दोनं एवढं तरी लिहायला हवं होतं. निमिया, ये इकडं. पाणी दिलंस तिला?

निमिया : दिलं. गवती चहा घातलाय, शेजारून आणला. आधी वास घेतला. मग प्यायली.

दिओस्नेल : कुठवर आलं?

निमिया : मला काय कळणार? कानाला लावलंय तिनं, मला थोडंच ऐकू येतंय? डोळे मिटून बसलीय.

दिओस्नेल : बटण दाबलं का तिनं?

निमिया : हात टेबलाखाली आहे. दिसला नाही.

एलादिया : आणि पेला?

निमिया : दुसऱ्या हातात.

एलादिया : काही म्हणाली?

निमिया : अजून नाही.

एलादिया : मग जा, भर.