सोमारीच्या माहेरचा दगड

आमचं गाव हेमलकशाच्या पल्याड, जंगलात, नदीच्या अलीकडं. मी इथंच जनमलो, इथंच धान लावलं, मोह वेचला, बांबू तोडला, अन् काय सांगू तुम्हाले भाऊ, शाळेत दोनच वर्सं गेलो, मराठी शिकलो ती बांबूच्या कामावर, घरची बोली माडिया. माही बायको सोमारी नदीपल्याडची. तिच्या माहेरी जायाचं तं आधी डोंगीत बसा, नदी पार करा, मंग दिवसभर पायी चाला. मोठी हसरी बाई. मले म्हने, तुह्या गावचं पानी फिक्कं लागते. मी म्हनो, मंग पिऊ नोको. असं चाले आमचं.

तं एका साली नव्याचा पंडुम आला, म्हनजे नवं धान खायाचा आमचा सन, अन् सोमारी म्हने, औंदा मले माहेरी नेऊन आन, माय म्हातारी झाली. मी म्हनलो, धान उभं आहे, रानडुकरं येऊन राह्यले, माचावर राखन कोन बसन? ती म्हने, दोनच दिवस. मी म्हनलो, नाई म्हनजे नाई. त्या दिवशी ती जेवली नाई, माह्याशी बोलली बी नाई, अन् आठ दिवसांनी तिले ताप भरला. खाटेवर टाकून दवाखान्यात नेऊन राह्यलो होतो, वाटेतच गेली. बोललीच नाई शेवटपर्यंत. अन् डुकरांनी धान खायाचं ते खाल्लंच.

आमच्यात मानूस गेलं का त्याच्या नावानं गावाबाहेर दगड उभा करतात. मी म्हनलो, दगड तिच्या माहेरच्या नाल्यातलाच पायजे. लोक म्हनत, येवढ्या लांबून? मी ऐकलो नाई. तिचे भाऊ अन् आम्ही, बांबूले वेलीनं बांधून खांद्यावर आनला, नदीवर दोन डोंग्या जोडून त्याच्यावर ठेवला. दगड लांबट, मातकट रंगाचा, अंगावर पान्याच्या लाटा उठतात तशा रेघा. तिची माय म्हने, लहानपनी ह्याच दगडावर बसून पाय धुवत होती. तसा तिले माहेराले नेलो नाई अन् मंग माहेरच उचलून आनलो, काय उपयोग.

उभा केला तवा माह्या कंबरेले लागे. आमच्यात म्हनतात, दगड वाढला तं गेलेलं मानूस खुश आहे, रागात असन तं वाढत नाई. मी दर पंडुमले जाऊन त्याच्या बाजूले उभा राहो. कंबर. पुढच्या साली बी कंबर. पाच साल, सहा साल, कंबर ते कंबरच. मंग एक दिवस काय अक्कल सुचली, सारे लोक मोह वेचाले गेले होते, मी कुदळ घेतली अन् दगडाभोवतीची माती खनून काढली, चांगली वीतभर, अन् सांजच्याले गावात सांगितलो, पहा, वाढला. पावसाळा लागला तसा दगड कलंडला. आमचा भूमिया, म्हनजे गावचा पुजारी, येऊन पाह्यला अन् म्हने, रुसलेल्या बाईले खनून उठवते का रे? सारं गाव हासलं. मी बी हासलो, घरी येऊन रडलो. मंग साऱ्यांनी मिळून सरळ केला, माती पहिल्यासारखी भरली.

आता माही नात जैनी गडचिरोलीले कॉलेजात आहे, दगडाचाच विषय घेतला. मी म्हनलो, पोट्टे, दगडात काय शिकाचं, ठेच लागली का मानूस आपोआप शिकते. सुट्टीत एसटीनं आली अन् त्या दगडावर हात फिरवत बसली. म्हने, आजा, ही वाळू होती, उथळ पान्याखालची, ह्या रेघा म्हनजे त्या पान्याच्याच लाटा. वरून गाळ बसत गेला, दाबून दाबून दगड झाला. तवा हा नाला नव्हता, मानूस बी नव्हतं. अन् म्हने, जमीन बी एका जागी नाई. दक्षिनेकडं एक मोठी जमीन होती, ती फुटली, आपला तुकडा सरकत सरकत इथी आला, अजून सरकून राह्यला, सालभरात नखं वाढतात तेवढा. त्या जुन्या जमिनीचं नाव आपल्याच गोंड लोकांच्या मुलखावरून ठेवलं म्हने. मी म्हनलो, वा, येवढी मोठी जमीन आपल्या नावाची, अन् माह्या धानाच्या बांधीच्या मालकीचा सरकारी पट्टा अजून भेटला नाई.

मंग विचारलो, तुह्या आजीचं माहेर तेवढं जवळ आलं असन का? म्हने, नाई आजा, ते बी संगंसंगंच सरकते. जमीन तिले घेऊन रोज चालून राह्यली, अन् मले दोन दिवस जमलं नाई.

औंदाच्या पंडुमले काठी टेकत गेलो, नवं धान ठेवलो, बाजूले उभा राह्यलो, तं दगड छातीले लागला. जैनीले हाक मारली. तिनं दगड पाह्यला, मले पाह्यलं, हळूच म्हने, आजा, दगड तेवढाच आहे, तू वाकला. मले का समजत नाई, भाऊ? पन ती वर येत नव्हती तं मले तरी खाली जायाचंच होतं. त्या लाटांवर हात ठेवलो अन् म्हनलो, सोमारी, आता लई नाई राह्यलं, येऊनच राह्यलो.

तुमचं भलं होवो भाऊ. घरी कोनी दोन दिवस माहेरी जातो म्हनलं तं नेऊन द्या.