तारापूरचं स्थळ

भिवंडी स्टँडवर वज्रेश्वरीच्या बससाठी रांगेत उभा होतो. पुढे दोन बायका बोलत होत्या.

“सकाळपासून लाइट नाही, हौसाताई. आमचे सगळे लूम बंद.”

“जोहराबी, माझ्या पोरीला तारापूरचं स्थळ आलंय. पोरगा अणुभट्टीत कामाला हाय.”

“मग चिंता कसली?”

“मी त्यालाच इचारलं, सूर्याची वीज का न्हाय करत?”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, तीपण करायला हवी. पण रातच्या शिफ्टला लूम कशावर चालतील?”

“बरोबर बोलला.”

“मंग इचारलं, भट्टीतला जळका माल कुठं टाकता?”

“मग?”

“टाकत न्हाय, म्हणाला. सांभाळून ठेवतो.”

“किती वर्षं?”

“आपली नातवंडं म्हातारी होतील, तरी सांभाळावा लागंल, म्हणाला.”

“या अल्ला! मग नकार कळवलात?”

“न्हाय. खरं बोलला, म्हनून सुपारी फोडून आलेय.”