आईच्या अक्षराची नोट

मंडळी, ऐका! एक साधा प्रश्न विचारतो. वस्तू आपल्या वाट्याला आली, आपल्या कपाटात राहिली – मग तिचं काय करायचं ते कुणाला विचारावं लागतं का? नाही ना? माना डोलावल्यात! आता माणिकराव हत्तरग्यांचं ऐका, मग पुन्हा डोलावा.

माणिकराव उदगीरचे. शाळेत कारकून होते, निवृत्त झाले. बायको गेलेली, मुलगा दूर. मग नाद लागला – जुन्या नोटांचा! इंटरनेटवर लिलाव होतात म्हणे. घरबसल्या बोली लावायची, घरबसल्या विकायचं. आपल्या हातातली फाटकी नोट भाजीवाली घेत नाही, आणि तिथं बंद पडलेल्या नोटेला लोक लाख मोजतात! हसू नका. मागच्या बाजूला दोघांनी लगेच मोबाईल काढले, मला दिसतंय!

त्यांच्याकडे वडिलांची एक नोट होती. निजामाच्या काळातली, शंभराची. ती चालेनाशी झाली, बदलून घ्यायची मुदतही हुकली, तेव्हा वडिलांनी पोरांना खेळायला देऊन टाकली. थोरली बहीण चंद्राक्का तेव्हा दहा वर्षांची; आईला अक्षरं शिकवायची. एकदा पाटी सापडेना. आईनं काय केलं? त्या नोटेच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीनं आपलं नाव लिहिलं – गिरजा! वेडंवाकडं, त्यातला ‘ज’ उलटा. वर्षभरात ती माउली बाळंतपणात गेली. फोटो नाही, पत्र नाही. मागे राहिली ती तीन अक्षरं.

माणिकरावांनी नोटेचा फोटो लिलाववाल्यांना पाठवला. उत्तर आलं, “कडेला लिखाण आहे. दहा हजार येतील. स्वच्छ असती तर लाखाच्या वर.”

स्वच्छ! हा शब्द डोक्यात शिरला तो निघेना. अहो, गरज होती का? पेन्शन होतं, घर होतं. पण आपल्या नोटेवर सगळ्यांनी तुटून पडावं, ही हौस! भर दुपारी दार लावलं. खोडरबर घेतलं. मग ओला कापूस. मग कागदात घालून इस्त्री. एकदा तरी हात थांबले का? नाही थांबले!

लिलावाचा दिवस आला. ऐंशी हजार... लाख... एक लाख चाळीस! माणिकराव खुर्चीतून उठून उभे राहिले. सांगायला घरात कोणी नव्हतं.

नोट पाठवली, आणि तीन आठवड्यांनी पाकीट परत आलं! आत चिठ्ठी – “नोट धुतलेली आहे. व्यवहार रद्द.” अक्षर गेलं, पैसाही गेला.

त्याच आठवड्यात चंद्राक्का दारात उभी! पंच्याहत्तरी ओलांडलेली, मोतीबिंदू नुकताच काढलेला.

“माणिक, पट्टी सुटली बघ! सगळं लख्ख दिसतंय. आण की रे ती नोट. आईचं अक्षर बघू दे.”

काय करतील? आणली. अक्का उजेडात गेली. नोट डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, उलटी केली. कडेवरून बोट फिरवलं.

“कुठं रे? मला दिसेना. माझ्या डोळ्यातच काही राहिलं का?”

मंडळी, त्या क्षणाला माणिकरावांनी तोंड उघडलं... आणि म्हणाले, “हो अक्का. अजून नजर बसायला वेळ लागेल.”

भोळी बाई! दोन महिने डोळ्यांत थेंब घालत राहिली. दर सोमवारी यायची, नोट मागायची, बघायची. “आज पण नाही रे,” म्हणायची आणि उठायची. माणिकरावांना भाकर गोड लागेना, तरी सांगवेना. शेवटी तिनं डॉक्टर गाठला. डॉक्टर म्हणाले, “आजी, तुमच्या डोळ्यांत काहीच दोष नाही. सुईत दोरा ओवाल तुम्ही!”

त्या सोमवारी अक्का आली नाही. पुढच्याही नाही. माणिकराव तिच्या घरी गेले. तिनं चहा दिला, नातवंडांचं सांगितलं, पावसापाण्याचं बोलली. नोटेचं नावही काढलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. ती भांडली नाही. पुढच्या उन्हाळ्यात गेली.

आता बोला! पुसण्याचं पाप मोठं, की त्या एका ‘हो’चं? पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर अक्का रडली असती – पण भावाजवळ बसून रडली असती!

मृदंगबुवा, जरा थांबा. गजर नंतर करू. तुमच्यापैकी प्रत्येकानं घरातल्या कुणाला तरी असंच काही सांगून ठेवलंय, आणि ते माणूस अजून स्वतःलाच दोष देतंय. त्याचं नाव मनात घ्या. घेतलंत? ते जिवंत आहे ना? मग उठा, आधी तिकडे जाऊन या.