वांग्याचं फूल

जरा जवळ सरका, मायबाप, बँकॉकच्या एका विद्यापीठाच्या दारातली गोष्ट सांगतो. गुरुपूजनाचा गुरुवार होता. सोमजाय आजी परड्यांत फुलं भरत होती आणि रांगेतल्या, एकाच सरांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या दोघी मुलींचं, थोरल्या ओरथाईचं नि धाकट्या प्रांगचं, बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

"ताई, रागावलीस?"

"तुझ्यावर कशाला? शोधलेखावरचं माझं नाव खोडून सरांनी तुझं घातलं. तू थोडंच मागितलं होतंस?"

"पण भर बैठकीत सरांना चूक म्हणायची काय गरज होती?"

"मग काय टाळ्या पिटू? म्हणे, डेंग्यूची ती दोन प्रथिनं एकमेकांना धरून असतात! अगं, तपासायला बनवलेल्या स्फटिकात खच्चून भरलीत म्हणून ती चिकटलीत. पेशीत मोकळी सोड, कोण कुणाला विचारतंय? एकेका अमिनो आम्लाचा स्पर्श तीनदा तपासलाय मी."

"सरांना ठाऊक आहे?"

"माझ्या आधीपासून."

"ताई, आता मी काय करू गं?"

"लेखावर सही केलीस?"

"काल केली."

"मग विचारतेस काय? फुलं घे."

आजीला प्रथिनंबिथिनं कळत नव्हती, पण तिचे हात थबकले. मग तिने ओरथाईच्या परडीत, तुडवल्या तरी पुन्हा उगवतात त्या दूर्वा ठेवल्या.

"वांग्याचं फूल राहिलं, पोरी. मान खाली घातलेलं असतं, गुरूपुढे शोभतं."

"ते हिच्या परडीत दोन घाला, आजी. माझ्यात नको."

आणि नुसत्या दूर्वा घेऊन ओरथाई सरांच्या पाया पडायला आत गेली.

मायबाप, गुरूपुढे हात जोडाल तेव्हा त्या लेकीची आठवण असू द्या.