उन्हात वाकणाऱ्या पिवळ्या सुया

नाव: लासाद हबीब मालेज. वय: ५७ वर्षे. धंदा: महाविद्यालयात काचकाम. राहणार: बाब जेब्लीजवळ, स्फाक्स.
दिनांक १७ जून २०२५, मंगळवार, सकाळी ११.१०.

बोलावल्यावरून ठाण्यात आलो आहे आणि समक्ष सांगतो की,

मी एकतीस वर्षे रसायन विभागासाठी काचेची उपकरणे फुंकतो. माझी खोली प्रयोगशाळेसमोर, अंगणापलीकडे आहे.

रीम कम्मून ही प्राध्यापक नाजी एल्लूझ यांची विद्यार्थिनी. तिने अकरा पायऱ्यांनी एक नवा पदार्थ तयार केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे पहिले स्फटिक आले. केसाएवढ्या बारीक पिवळ्या सुया. ती बशी घेऊन माझ्या दारात उन्हात बसली. सुया वाकल्या. तिने हाताची सावली धरली. सुया सरळ झाल्या.

"काका, या श्वास घेतायत."

"वेडी आहेस."

दुपारच्या अजानपर्यंत आम्ही सावली धरत आणि काढत बसलो. त्या दिवशी माझ्याकडून दुसरे काम झाले नाही. तिने काही सुया लहान नळीत घालून बूच लावून मला दिल्या. "नातीला दाखवा," म्हणाली. नळी माझ्या खणात राहिली.

यंदा ४ मार्च रोजी, रोज्याच्या दिवसांत, रीमच्या एका चंबूत पिवळ्याऐवजी पांढरे दाणे आले. पदार्थ तोच होता. प्राध्यापक म्हणाले, "विटा त्याच, भिंत वेगळी." पांढरे उन्हात वाकत नाहीत. विभागात रीत आहे की नवा स्फटिक आला की बशी खोलीखोलीतून फिरवायची. प्रत्येक जण वाकून पाहतो आणि मुबारक म्हणतो. रीम यंत्रावर बसली होती. प्राध्यापकांनी मला सांगितले, "लासाद, फिरव." बशी मी फिरवली. सात खोल्या आणि जिना. पंखे सुरू होते. विदाद नावाची मुलगी म्हणाली, "रोज्यात थाळी फिरवताय काका, आणि तीही खायची नाही! पाप लागेल तुम्हाला." सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर पिवळ्या सुया आल्या नाहीत. पांढऱ्याचा डोळ्यांना न दिसणारा कण द्रवात पडला तरी सगळे पांढरेच जमते, असे प्राध्यापकांनी नंतर समजावले. हे त्यांनाही ठाऊक होते, पण त्या दिवशी कोणाला सुचले नाही. मी सगळी काच आम्लाने धुतली. नवी काच फुंकून दिली. रीमने सव्वीस वेळा केले. सव्वीस वेळा पांढरे आले.

ती मला दोष देते का, असे विचारण्यात आले. नाही. ती म्हणाली, "काका, तुम्हाला काय माहीत." त्यानंतर ती दुपारी माझ्या दारात बसायला आली नाही.

परीक्षकांचे पत्र मे महिन्यात आले. सुया वाकतात हे रीमशिवाय कोणी प्रबंधात नोंदवलेले नाही व ते पुन्हा घडत नाही. गुरुवार, १९ जून रोजी दाखवता आले नाही तर काम खोटे धरण्यात येईल. माझे पाहणे धरले जात नाही, कारण मी काचवाला आहे.

विभागात पिवळी सुई एकही उरली नव्हती. शुक्रवारी प्राध्यापकांना माझ्या खणातल्या नळीबद्दल कळले. "आण, उघडून वजन करू, कपाटात ठेवू," म्हणाले. मी "आणतो" म्हणालो. आणली नाही. ती चोरल्याची तक्रार विभागाने दिली आहे. नळी माझी की विभागाची, हे मला माहीत नाही. ती मी नेली हे खरे आहे.

शनिवारी मी नळीचे तोंड ज्योतीवर वितळवून बंद केले. खालचा भाग ओल्या फडक्यात धरला होता, कारण तापल्यावरही सुया पांढऱ्या होतात. मग हमामात गेलो. नवे कपडे घेतले. दाढीत पांढऱ्याची धूळ राहते म्हणून दाढी काढली. न्हावी म्हणाला, "काका, या वयात दुसरं लग्न?" मी हो म्हणालो.

त्या रात्रीचे स्वप्न जबाबात घेता येत नाही असे अधिकाऱ्यांनी सांगितले. त्यात समुद्र होता, एवढे घेतले आहे.

सोमवारी पहिल्या बोटीने केर्केना बेटावर बहिणीकडे गेलो. मेहुणा मातीची मडकी समुद्रात सोडून अष्टपाद धरतो. सध्या हंगाम नाही, मडकी रिकामी आहेत. तो म्हणाला, "समुद्रात ठेवू. तिथं तुमच्या कॉलेजातलं कोण येतंय?" आम्ही पाण्यातून चालत गेलो. तिथे समुद्र लांबपर्यंत गुडघाभरच आहे. वारा नव्हता. मागे पाहिले तेव्हा किनारा दिसत नव्हता. पाणी आणि आकाश एकाच रंगाचे होते. किती वेळ चाललो ते सांगता येत नाही. मेहुण्याने नळी घातलेले एक मडके सोडले. जागा त्याला ठाऊक आहे. मला पाण्यावरून दाखवता येणार नाही.

गुरुवारी सकाळी तो बोटीने येऊन धक्क्यावरच नळी ट्यूनिसच्या परीक्षकांच्या हाती देईल. ते प्रयोगशाळेत आलेले नाहीत. काच न फोडता उन्हात धरून पाहावी, असे मी त्यांना कळवले आहे.

मुद्देमाल आजच हजर करावा, तो उघडून तोलावा लागेल, असे मला सांगण्यात आले. जबाब घेणारे दोन्ही अधिकारी आज सकाळी पंचनाम्यासाठी प्रयोगशाळेत जाऊन आले आहेत. एकाच्या बाहीला टेबलावरची धूळ आहे. मी नकार दिला.

"काचेच्या नळीसाठी आत बसणार, काका?"

"गुरुवार दुपारपर्यंत."

रीम बाहेर बाकावर बसली आहे असे कळले. मला तिला भेटायचे नाही. तिला एवढेच सांगावे की सोमवारी दुपारी तीन वाजता, मडके सोडण्याआधी, मी नळी उन्हात धरली. सुया पिवळ्या होत्या. वाकल्या. मग मी सावली धरली.

हा जबाब मला माझ्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तेच यात आहे. वेळ दुपारी १.४०.

सही
लासाद हबीब मालेज